नागपुरात गिलाव्यासाठी भरवशाचा मिस्त्री कसा निवडावा

गिलावा ज्या संध्याकाळी पूर्ण होतो, त्या संध्याकाळी चांगल्या मिस्त्रीची आणि कामचुकार मिस्त्रीची भिंत बहुधा सारखीच दिसते. पृष्ठभाग रंध्याने घोटलेला असतो, कडा सरळ असतात, घरातली मंडळी समाधानाने भिंतीवरून हात फिरवतात आणि पैसे चुकते केले जातात. फरक उघडा पडतो तो पहिल्या उन्हाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसाळ्यात. आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीचा गिलावा आम्ही मे महिन्यात करून घेतला होता. ठेकेदार बोलायला चोख होता, दर कमी होता आणि काम चार दिवसांत आटोपले. तराई, म्हणजे ताजा गिलावा पाणी मारून ओला ठेवण्याचे काम, कोण करणार, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीवर बोटाने ठोकले की रिकाम्या मडक्यासारखा आवाज येऊ लागला आणि दिवाळीच्या सुमारास खिडकीखालचा परातीएवढा पोपडा सुटून अंगणात पडला. त्या वेळी तिथे कोणी उभे नव्हते, ही मोठीच गोष्ट.

पुढे आणखी दोन वेळा गिलाव्याचे काम काढावे लागले आणि तेव्हापासून मी मिस्त्री पारखतो तो पाण्यावरून. काम सुरू होण्यापूर्वी भिंत भिजवणारे पाणी, माल कालवताना घातले जाणारे पाणी आणि काम झाल्यावर तराईसाठी मारले जाणारे पाणी, या तिन्हींविषयी माणूस आपण होऊन काय बोलतो, हे पाहिले की त्याच्या कामाचा बराचसा अंदाज येतो. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे तर हीच कसोटी सर्वांत महत्त्वाची ठरते.

आधी भिंतीचे दुखणे ओळखावे

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी आपल्या भिंतीला खरोखर गिलाव्याचीच गरज आहे का, हे स्वतः पाहून घ्यावे. ओल वरच्या गच्चीतून, न्हाणीघरातल्या गळक्या नळातून किंवा जोत्यातून चढत असेल, तर नवा गिलावा ती थांबवू शकत नाही. तो फक्त वर्षभर झाकून ठेवतो. भिंतीवर पांढरी भुकटी येत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर पाण्याची वाट शोधून ती आधी बंद करावी. नागपुरात या बाबतीत एक खास जागा तपासावी लागते आणि ती म्हणजे कूलरखालची भिंत. खिडकीला लावलेल्या कूलरच्या टाकीतून तीन-चार महिने पाणी झिरपत राहते, त्यातले क्षार भिंतीत मुरतात आणि नेमका तेवढाच गिलावा फुगतो. तिथे नव्याने काम करायचे असेल तर खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यायला आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवायला मिस्त्रीला सांगावे. ज्याला ही खाच कशासाठी, हे समजावून सांगावे लागत नाही, तो माणूस अनुभवी समजावा.

तडे दोन प्रकारचे असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, वरवरचे तडे बहुधा गिलाव्याचे असतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटणारा तडा पायाशी संबंधित असू शकतो, कारण आपल्याकडील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. अशा तड्यावर कितीही चांगल्या मिस्त्रीने थापी चालवली तरी तो पुन्हा उघडणार, म्हणून आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. जो मिस्त्री असा तडा पाहून 'हे माझं काम नाही, इंजिनिअरला दाखवा' असे म्हणतो, त्याचे नाव टिपून ठेवावे.

भिंत कशाची आहे, यावरही माणसाची निवड ठरते. महाल आणि इतवारी या वस्त्यांतल्या जुन्या घरांच्या विटा चुन्यात बांधलेल्या आहेत. त्यांवर कडक सिमेंटचा गिलावा चढवला तर आतला दमटपणा बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांनी गिलावा विटेचे तोंड घेऊनच सुटतो. तिथे चुन्याचे काम येणारा माणूस हवा, मग तो शोधायला महिना लागला तरी चालेल. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा भरपूर वापरल्या जातात. त्यांचे तोंड गुळगुळीत असते, त्यामुळे सिमेंट-वाळूचा पातळ माल शिंपडून आधी खरखरीत थर करून घ्यावा लागतो. बेसा-मनीषनगरकडच्या नव्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात आणि त्या विटेसारख्या चिंब भिजवायच्या नसतात, फक्त ओलसर करायच्या असतात. 'भिंत कशाची आहे?' हा प्रश्न मिस्त्रीने फोनवरच विचारला, तर सुरुवात चांगली झाली असे म्हणता येईल.

शोध कुठे घ्यावा

सकाळी ठिय्यावर उभ्या असलेल्या कामगारांमध्ये उत्तम हात असलेली माणसे असतात, याबद्दल मला शंका नाही. मात्र तिथून रोजीवर आणलेल्या माणसाचे आधीचे काम पाहता येत नाही आणि दोन वर्षांनी तो सापडतही नाही. म्हणून लहानसहान दुरुस्तीसाठी ठिय्या ठीक आहे. पूर्ण घराच्या कामासाठी ओळखीची साखळी हवी. आपल्या वस्तीत ज्या घराचा गिलावा दोन-तीन वर्षांपूर्वी झाला असेल, त्या घरी जाऊन विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण त्या भिंतीने दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पाहिलेले असतात. सिमेंट-लोखंडाच्या दुकानदाराकडेही चौकशी करावी, पण 'चांगला मिस्त्री सांगा' असे न म्हणता 'उधारी वेळेवर फेडणारा आणि माल परत आणून देणारा कोण' असे विचारावे. रंगाऱ्याचे मत तर आवर्जून घ्यावे. कोणाच्या भिंतीला किती पुट्टी लागते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वेळेचेही भान ठेवावे. आपल्याकडे येणारे अनेक मिस्त्री आणि रेजा, म्हणजे स्त्री मजूर, भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगड या धानाच्या पट्ट्यातले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीसाठी आणि दिवाळीच्या आसपास कापणीसाठी ते गावी जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. त्या काळात 'उद्यापासून दहा माणसे लावतो' असे सांगणाऱ्याकडे नेमकी कोणती माणसे आहेत, हे विचारून घ्यावे. बाहेरच्या गिलाव्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेरची भिंत काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुने काम पाहायला जाताना खिशात एक नाणे असू द्यावे. भिंतीवर नाण्याने जागोजागी टकटक करत जावे. भरीव आवाज येणारी भिंत विटेला धरून असते, पोकळ वाजणारी सुटलेली असते. खोलीच्या कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासण्याची पट्टी) लावून पाहावा, खिडकीच्या कडा डोळ्यांच्या रेषेत धरून पाहाव्यात आणि विजेच्या स्विचबोर्डांभोवतीचा गिलावा नीट न्याहाळावा. कोणाचेही लक्ष जात नाही अशा त्या जागी माल नीट भरलेला असेल, तर बाकीच्या भिंतीची काळजी कमी करावी लागते.

पहिली भेट

दुसऱ्या वेळी ज्या मिस्त्रींनी आमचे काम केले, त्यांची पहिली भेट मला अजून आठवते. साठीकडे झुकलेले गृहस्थ सायकल लावून आत आले, दर सांगितला नाही की वहीही काढली नाही. थापीच्या मुठीने त्यांनी भिंत दोन-चार ठिकाणी ठोकली, विटांच्या सांध्यात नख घालून पाहिले आणि मग विचारले, "काका, तराईले पाणी कुठून घ्याचं? टाकीतलं का बोअरचं?" मी बोअरचे म्हणालो तेव्हा त्यांनी नळ सोडायला लावून ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. "हे खारं हाय. माल टाकीच्या पाण्यातच कालवू." नंतर विजेच्या नळ्या टाकून झाल्या का, नळाच्या जोडण्या दाब देऊन तपासल्या का, हे विचारले. निघताना म्हणाले, "आदल्या रात्री भिंत भिजवून ठेवा. सकाळी आलो की पाणी पिलेली भिंत पाहिजे मले."

कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते, सिमेंटला पुरेसे पाणी उरत नाही आणि गिलावा विटेला पकड घेत नाही, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. परंतु तो त्यांनी दराच्या आधी सांगितला, आणि मी तिथेच काम देण्याचे ठरवले.

पहिल्या भेटीत आपणही काही प्रश्न विचारावेत. काम स्वतः करणार की माणसे पाठवणार? काँक्रीटचा कॉलम आणि विटेची भिंत जिथे मिळतात तिथे काय करणार? योग्य उत्तर असे, की त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकणार, कारण दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात आणि जाळी नसेल तर नेमक्या त्याच रेषेत तडा जातो. काँक्रीटच्या गुळगुळीत पृष्ठभागाला टाचे, म्हणजे पकडीसाठी बारीक खाचा, मारणार का, आणि विटांचे सांधे साधारण १० मिमी खोल खरवडणार का, हेही विचारावे. उत्तरे शब्दशः बरोबर असण्यापेक्षा ती अडखळत येतात की सहज, याकडे लक्ष द्यावे.

दर, माप आणि कागद

नागपुरात हे काम दोन प्रकारे दिले जाते: फक्त मजुरीवर किंवा मालासह. मालासह दिलेला ठेका सोयीचा असला तरी सिमेंटचे प्रमाण आपल्या हाती राहत नाही, म्हणून घरावर कोणी लक्ष देऊ शकत असेल तर मजुरीवर काम द्यावे आणि सिमेंट-वाळू स्वतः आणावी, असे मला वाटते. दर कमीत कमी तीन जणांकडून घ्यावेत, पण तिघांनाही एकच काम सांगावे. एकाच्या दरात परांची, घोटाई आणि मलबा उचलणे धरलेले असते आणि दुसऱ्याच्या दरात नसते, तेव्हा तुलना निरर्थक ठरते.

सर्वांत जास्त वाद होतात ते मापावरून. दार-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हे आधी ठरले नसेल तर शेवटच्या दिवशी आवाज चढतातच. ठेकेदार 'भरून माप' मागतात, म्हणजे दारा-खिडक्यांची पोकळीसुद्धा गिलाव्यात धरतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते, कारण पाखांवर, म्हणजे पोकळीच्या आतल्या कडांवर, वेळ आणि माल दोन्ही जास्त लागतात. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या १२व्या भागात यावर न्याय्य तोडगा आहे. अर्धा चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतची पोकळी वजा करायची नाही. त्याहून मोठी पण ३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांपर्यंतची असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची आणि पाखांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. त्याहून मोठी पोकळी दोन्ही बाजूंनी वजा करायची आणि पाखे मात्र स्वतंत्र मोजायची. तीन फूट रुंद आणि सात फूट उंच दार २१ चौरस फुटांचे होते, म्हणजे ते मधल्या नियमात बसते. हा नियम मिस्त्रीसमोर मांडला की तोही बहुधा मान्य करतो, कारण दोघांपैकी कोणाचेच नुकसान होत नाही.

ठरलेले सगळे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. स्टँपपेपरची गरज नाही, वहीचे पान पुरते. दर, मापाची पद्धत, आतला गिलावा १२ मिमी आणि बाहेरचा दोन थरांत २० मिमी अशी जाडी, आत एकास सहा आणि बाहेर एकास चार असे सिमेंट-वाळूचे प्रमाण, काम संपवण्याची तारीख, परांचीची जबाबदारी आणि तराई कोण किती दिवस करणार, एवढे त्यात यावे. उंचीवर काम असेल तर सुरक्षेचा पट्टा आणि हेल्मेट कोण आणणार, हेही लिहावे. परांचीवरचा माणूस आपल्या घरासाठी वर चढलेला असतो, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

माल

वाळू कन्हानची असली म्हणजे झाले, असे आपल्याकडे धरून चालतात, परंतु नदीच्या नावाने वाळू धुतली जात नाही. पावसाळ्यात नदीतून वाळू काढण्यावर बंदी असल्याने त्या काळात मिळणारा साठा तर तपासलाच पाहिजे. काचेच्या उभ्या बाटलीत निम्मी वाळू घालावी, चिमूटभर मीठ टाकलेले पाणी ओतावे, जोराने हलवावे आणि तीन तास तशीच ठेवावी. वाळूवर बसलेला मातकट थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड दिसला, तर ती गाडी परत करावी. ही परीक्षा मिस्त्रीदेखत करावी. चांगला मिस्त्री त्यावर रागावत नाही, उलट स्वतःच वाकून पाहतो. नदीची वाळू मिळाली नाही तर गिलाव्यासाठी म्हणून बनवलेली कृत्रिम वाळू चालते, रस्त्याच्या कामाची क्रशची भुकटी चालत नाही.

सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते घेऊ नये. हिशेबासाठी एक ढोबळ आकडा लक्षात ठेवावा: आतल्या भिंतीच्या १०० चौरस फुटांना, १२ मिमी जाडीच्या आणि एकास सहा प्रमाणाच्या गिलाव्यासाठी साधारण पाऊण पोते सिमेंट आणि पाच ते साडेपाच घनफूट वाळू लागते. म्हणजे एका ब्रास (१०० घनफूट) वाळूत अठराशे चौरस फुटांच्या आसपास काम व्हायला हवे. मागणी याच्या दुप्पट निघाली तर बांधकाम ओळंब्याबाहेर आहे, गिलावा जाड होतो आहे किंवा माल दुसरीकडे जातो आहे, यांपैकी काय ते विचारावे. प्रमाण घमेल्याने मोजू नये, कारण सिमेंटचे घमेले सपाट आणि वाळूचे शिगोशीग भरले जाते. ४० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच अशी लाकडी पेटी सुताराकडून करून घ्यावी. तिच्यात बरोबर ३५ लिटर, म्हणजे एका पोत्याएवढा माल मावतो.

काम सुरू असताना

पूर्ण घर एकदम सोपवण्यापूर्वी एक लहान खोली करवून घ्यावी आणि तिचे पैसे लगेच द्यावेत. कोणत्याही बोलण्यापेक्षा ही एक खोली जास्त सांगते. पहिल्या दिवशी मिस्त्री ओळंबा आणि दोरी लावून भिंतीवर लेव्हलचे ठिपके (जाडी आणि सरळपणा ठरवणारे मालाचे गोळे) देतो का, ते पाहावे; ठिपके न देता थेट माल फेकायला लागलेला माणूस डोळ्याच्या अंदाजावर चालला आहे, असे समजावे. काम आधी छताचे, मग भिंतीचे आणि भिंतीत वरून खाली असे चालले पाहिजे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक चक्कर नक्की मारावी. कालवलेला माल तसाच टाकून मंडळी जेवायला गेली असतील आणि परत आल्यावर त्यात पाणी घालून तोच भिंतीला लावत असतील, तर तिथेच थांबवावे. पाणी पडल्यानंतर साधारण अर्ध्या तासात माल भिंतीवर गेला पाहिजे. घट्ट होऊ लागलेले सिमेंट पाण्याने पुन्हा सैल होते, जिवंत होत नाही. दुसरी खोड म्हणजे भिंत लवकर सुकावी म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट उधळून घोटणे. त्याने पृष्ठभाग त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि महिन्याभरात त्यावर बारीक तड्यांचे जाळे उमटते. या दोन गोष्टींवर मी कधीही तडजोड करत नाही, आणि हे काम देतानाच सांगून ठेवतो, म्हणजे चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही.

उन्हाळ्यात काम टाळणे शक्यच नसेल तर सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबावे, उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी किंवा ओले गोणपाट लावावे आणि उरलेले काम चारनंतर करावे. रेजांसाठी आणि मिस्त्रींसाठी सावलीची जागा, थंड पाण्याचा माठ आणि वापरायला संडास असावा. उन्हाने थकलेल्या माणसाकडून सरळ कडेची अपेक्षा करणे योग्य नाही, आणि मुळात ती त्यांची हक्काची गोष्ट आहे.

तराई आणि शेवटचा हप्ता

गिलावा घट्ट झाला की दुसऱ्या दिवसापासून किमान ७ दिवस भिंत सतत ओलसर राहिली पाहिजे. राख मिसळलेले पीपीसी सिमेंट असेल किंवा ऊन कडक असेल तर १० दिवस. दिवसातून दोनदा नळीने चिंब करून मधल्या वेळात खडखडीत वाळू देणे म्हणजे तराई नव्हे. भिंतीचा रंग फिका पडू लागला की पाणी, असा नियम ठेवावा. सकाळची पाळी मिस्त्रीच्या माणसाने आणि उरलेल्या घरच्यांनी अशी वाटणी करून भिंतीवरच कोळशाने तारखा लिहाव्यात. आमच्याकडे पाण्याची पाळी झाली की मुले त्या तारखेखाली फुली मारत असत आणि एकही दिवस चुकला नाही.

आगाऊ रक्कम दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक देऊ नये, पुढचे हप्ते खोल्यांच्या हिशेबाने, ठरल्या दिवशी आणि न मागता द्यावेत. पैसे वेळेवर देणाऱ्या घरी मिस्त्री आपला चांगला माणूस पाठवतो. शेवटचे दहा टक्के मात्र तराई संपल्यानंतर पंधरा दिवसांनी द्यायचे, असे कागदावरच लिहिलेले असावे. त्या दिवशी मिस्त्रीला सोबत घेऊन नाण्याने सगळ्या भिंती वाजवाव्यात आणि पोकळ जागांभोवती खडूने गोल काढावा. सहा फुटी सरळ पट्टी भिंतीला उभी, आडवी आणि तिरपी लावून पाहावी. तिच्यामागे एकावर एक ठेवलेली चार एटीएम कार्डे, म्हणजे सुमारे ३ मिमी, सहज सरकत असतील तर तिथे भिंत खोलगट आहे. परांचीची भोके बुजवली आहेत का, तेही पाहावे. खडूच्या गोलातला भाग थापीने उडवून, कडा चौकोनी कापून, भिजवून पुन्हा भरून घ्यावा आणि त्या तुकड्याचीही तराई पूर्ण झाली की उरलेली रक्कम त्याच्या हातात ठेवावी. रंगाऱ्याला त्यानंतर किमान महिनाभर तरी बोलावू नये. भिंतीतली ओल बाहेर पडायला तेवढा वेळ लागतोच.